रकाना तिसरा : विषय

थाबा-त्सेका सोडलं की रस्ता संपतो.
पुढे तट्टू, चार तास.
तट्टूवाला सेलो वाटभर बोलला नाही,
मीही नाही. तपासनिसाशी कोण बोलतं?
पिशवीत डबा, अंगावर घोंगडी,
आणि मासेरूहून आलेला अकरा रकान्यांचा तक्ता.

दगडी खोली एक, इयत्ता तीन,
पोरं एकेचाळीस, खडू मोजून पाच.
मातुमेलो बाई म्हणाल्या, "असं सांगतात, की एकदा..."
आणि एकेचाळीस जिभा टाळूवर टक्‌कन वाजल्या,
म्हणजे, ऐकतोय आम्ही, सांगा.

मी मागच्या बाकावर गुडघे मुडपून.
पहिला रकाना, शाळा. भरला.
दुसरा, वेळ. भरला.
तिसरा, विषय.

गोष्टीतला माणूस खाणीच्या पाळण्यात उभा होता.
वरचा कातळ वीस अंश,
दर शंभर मीटरला एक अंश चढतो, बाई म्हणाल्या,
आणि हा उतरतोय अडीच हजार.
पेन्सिली कुरकुरल्या. केनेउवे ओरडली, पंचेचाळीस!
मी लिहिलं : गणित.

"पंचेचाळिसात तो जगतो कसा?"
घामावर.
"घाम काय करतो?"
बाईंनी तिच्या मनगटाला पाणी लावलं, फुंकर घातली.
शहारली पोर.
गणित खोडलं. विज्ञान.

पण एवढ्या लांब तो गेलाच का?
मग गोष्ट मागे वळली, खाली खोऱ्यात, नदीपलीकडे,
जिथे आमच्या पणज्यांची ज्वारी उभी असायची
आणि एके वर्षी कुणीतरी नकाशावर रेघ मारली.
ज्वारी तिकडे राहिली, भूक इकडे.
विज्ञान खोडलं. इतिहास.
त्यावर, बारीक अक्षरात, भूगोल.
रकाना बोटभर रुंद.

माझ्या शाळेत उदाहरणं आगगाड्यांची.
दोन शहरं, दोन गाड्या, कुठे भेटतील?
रूळ नसलेल्या डोंगरात बसून
छडीच्या धाकाने मी त्यांची भेट घडवून आणायचो,
न पाहिलेल्या गाड्यांची.
वडील तेव्हा त्याच खालच्या अंशांत होते.
ते उदाहरण मला कुणी घातलं नाही.

खिडकीपाशी त्सेलिसो.
मेंढ्यांमागे जातो, आठवड्याला तीनच दिवस शाळा.
"बाई, वर येताना तेच अंश वजा करायचे?"
"हो."
"म्हणजे तो परत विसावर येतो."
"गणितात येतो."
"आणि गोष्टीत?"

बाहेर चुलीवर मक्याची लापशी रटरटत होती,
तेवढाच आवाज.
मला काही ठाऊक नव्हतं. खोलीला होतं.
बाईंनी खडू खिशात ठेवला, मोजलेल्या पाचांतला.
"पुढचं उद्या तू सांग," म्हणाल्या.
या वेळी कुणाची जीभ वाजली नाही.

निघताना तो रिकिबीशी आला.
"न्ताते," म्हणाला.
आमच्यात साहेबालाही न्ताते, बापालाही न्ताते.
"तुमच्या कागदात शेवट लिहायला जागा असते?"

अकरावा रकाना शेऱ्याचा आहे.
तो मी त्याला दाखवला नाही.

माझे वडील परत आले होते.
एक रेडिओ, एक नवी घोंगडी,
आणि छातीत हातचा धरल्यासारखा खोकला,
जो आम्हाला कुठल्याच बेरजेत मिळवता आला नाही.

अर्ध्या उतारावर सेलोने तोंड उघडलं.
"साहेब, तो पाळणा वर आला का मग?
मी खिडकीबाहेरच होतो, तट्टू धरून."
"उद्या कळेल," मी म्हणालो,
आणि उद्या मी मासेरूत, हे आठवून
लगाम ओढला.
तट्टूला कळेना
वर जायचं की खाली.